पाहुणीची तारीख

मावशीच्या दिवाणखान्यात, खिडकीजवळच्या टेबलावर, बुटांच्या खोक्याएवढी एक लाकडी पेटी असायची. तिच्यात जाड कागदाची कार्डं अक्षरवार लावून ठेवलेली. शहरात जेवायला बोलवण्यासारखं जे जे कोणी होतं, त्या प्रत्येकाचं एक कार्ड. ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्या बाजूला बोलकं माणूस बसवू नये.’ ‘बायकोच्या माहेरचा विषय काढू नये.’ ‘दुसऱ्यांदा वाढताना आग्रह लागतो, तिसऱ्यांदा लागत नाही.’ मी शिकायला तिच्या घरी राहत होते. त्या दोन वर्षांत जुनी, शाई उडालेली कार्डं पुन्हा लिहून काढायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून यातलं बरंचसं मला पाठ आहे.

मावशीचा जन्म मोठ्या घरातला नव्हता. माझे आजोबा जकातीच्या कचेरीत कारकून, राहायला शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. काकांशी लग्न झालं तेव्हा तिला काटा कुठल्या हातात धरायचा हेसुद्धा माहीत नव्हतं. काका जहाजांच्या मालाचे दलाल. परदेशी कप्तान, वकिलातीतले अधिकारी, व्यापारी मंडळी यांना घरी जेवायला बोलावणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. मावशी पाहून पाहून शिकली. कप्तानांच्या बायकांशी बोलता बोलता दोन परक्या भाषा शिकली. दहा वर्षांत अशी वेळ आली, की एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं तिच्या टेबलावर शेजारी शेजारी बसून सूप पिऊ लागली.

“या घरात बिनआमंत्रणाचे दोघंच राहतात,” काका म्हणायचे, “मी आणि मांजर. त्यातही मांजराचं कार्ड आहे.”

मावशीचे नियम पुष्कळ होते. त्यातला सगळ्यात पक्का म्हणजे, पाहुण्याला ‘कधी’ असं विचारायचं नाही. कधी निघणार, कधी परत देणार, म्हणालात ते कधी करणार, काहीच नाही. शब्द दिला तो दिला. तारीख मागितली की समोरच्याला कळतं, तुमचा त्याच्यावर विश्वास नाही. मग तो पुन्हा येत नाही. हा नियम तिने मला पहिल्याच आठवड्यात सांगितला होता, आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नव्हता.

ती राजकारणात कशी पडली, याची गोष्ट लोक वेगवेगळी सांगतात. कोणी म्हणतं सुख बोचायला लागलं, कोणी म्हणतं नाव हवं होतं. खरं कारण अठ्ठेचाळीस ग्लास.

एका मोठ्या मेजवानीसाठी तिने शहराबाहेरच्या काचेच्या कारखान्यात ग्लास सांगितले होते. मेजवानी दोन दिवसांवर आली तरी ग्लास येईनात. माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. तेव्हा मावशी स्वतःच गाडी घेऊन गेली. मालक बाहेरगावी होता. मुकादम तिला बांधणीच्या खोलीत घेऊन गेला आणि “बघा, तयारच आहेत,” म्हणून फाटकावर निघून गेला. तेवढ्यात भोंगा झाला आणि बाहेरून दाराला कुलूप पडलं.

ते रोजच पडायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर सहापर्यंत. बायका ओढणीखाली काच लपवून नेतात, असं मालकाचं म्हणणं. किल्ली लावणारा लावून जायचा, आत कोण आहे ते बघायची त्याला पद्धतच नव्हती. मावशीने दार ठोकलं. नाव सांगितलं. मंत्र्यांचं नाव सांगितलं. आतल्या सोळा बायका हात चालवत तिच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यातली एक, तिशीच्या आतली, पेटीवरचं गवत झटकून म्हणाली, “बसा बाई. आम्हीपण पहिल्या दिवशी ठोकलं होतं.”

तिला सगळे गवतवाली म्हणायचे. गवताचा जुडगा काचेभोवती तिच्याइतका घट्ट कोणाला बसवता येत नसे. मावशी साडेचार तास तिथे होती. एकच झरोका, तोही डोक्याच्या वर. उकाडा, गवताची धूळ. संडासाच्या नावाने कोपऱ्यात पडदा लावलेली बादली. वेळ जावा म्हणून गवतवालीने तिला ग्लास बांधायला शिकवलं. सहा वाजता मावशी घरी आली ती केसात गवत घेऊन.

“ग्लास?” काकांनी विचारलं.

“विसरले,” ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसली.

तिथून सुरुवात झाली. आधी पत्रं, मग भेटी. मग एका सकाळी कारखान्याच्या फाटकावर संपावर गेलेल्या कामगारांबरोबर उभी. मागणी एकच, बांधणीच्या खोलीचं कुलूप काढा. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. उंच टाचांचे बूट, हातात फलक. ओळखीच्या बायका फोन करून हसल्या. कामगारांचा पुढारी काच फुंकणारा होता. गालांच्या पिशव्या झालेल्या, म्हणून त्याला फुंक्या म्हणायचे. तोही सुरुवातीला म्हणाला, “बाई, हे बूट उद्या नका घालू. पळायची वेळ आली तर आम्ही तुम्हाला उचलायचं की फलक?”

पण लवकरच दोन्ही बाजूंना तिचा उपयोग कळला. फुंक्याला मंत्रालयात कोणी बसू देत नव्हतं, आणि मंत्रालयातलं कोणी फुंक्याच्या खोलीवर जाणं शक्य नव्हतं. दोघंही मावशीकडे येऊ शकत होते. एक पुढच्या दाराने, एक मागच्या. निरोप तिच्या हातून जायचे, आणि जाताना त्यांची धार थोडी बोथट व्हायची. शेजारच्या देशाच्या वकिलातीतली माणसंही तिला विचारू लागली, तुमच्याकडे नेमकं चाललंय काय. कसलंही पद नसताना ती दोन सरकारांच्या मधली बाई झाली.

संप सहाव्या आठवड्यात असताना पोलिसांनी नऊ जणांना उचललं. आठ पुरुष आणि गवतवाली. त्याच आठवड्यात शेजारच्या देशातून व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ काच खरेदीचा करार करायला यायचं होतं. त्याच्या प्रमुखाची बायको मावशीची जुनी मैत्रीण.

मंत्र्यांचे सचिव घरी आले. ते इतकं हळू बोलायचे की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. मावशीने त्यांच्या कार्डावर ‘कुजबुजे साहेब’ असंच लिहिलं होतं. त्यांनी चहा घेतला, पडद्यांचं कौतुक केलं.

“बाई, त्या मंडळींना यातलं काही कळायला नको. तुमच्याकडून तर नकोच. ना आता, ना पत्रातून.”

“आणि ते नऊ जण?”

“सोडतो ना. मंत्रीसाहेबांचा शब्द आहे.”

“सगळे?”

“सगळे.”

काका वर्तमानपत्राआडून मावशीकडे बघत होते. मग ती म्हणाली, “माझाही शब्द.” आणि त्यांना केक वाढला.

कुजबुजे गेल्यावर काका म्हणाले, “कधी सोडणार ते विचारलं नाहीस.”

“असं विचारत नाहीत.”

“कागदावर तरी—”

“अहो, ते काय वाणी आहेत?”

आठवड्याभरात आठ जण सुटले. करार झाला. बांधणीच्या खोलीचं कुलूपही निघालं. त्या जागी दारात एक रखवालदार खुर्ची टाकून बसला. गवतवाली मात्र आतच राहिली. विचारलं की कुजबुजे म्हणायचे, “कागद फिरतोय.” पुढच्या महिन्यात, “सही राहिलीय.” त्याच्या पुढच्या महिन्यात त्यांनी मावशीला खुर्ची पुढे करत हसून म्हटलं, “आमच्या शब्दावर विश्वास नाही का, बाई?” तिचाच नियम, तिलाच वाढला.

दर गुरुवारी दुपारी गवतवालीची आई यायची. मैलभर चालत. हॉलमधल्या भिंतीकडच्या खुर्चीवर अगदी कडेला टेकायची, खुर्ची दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवल्यासारखी. चहा प्यायची नाही.

“कधी, बाई?” ती विचारायची.

“लवकरच.”

“बरं.” थोडा वेळ बसून ती उठायची. एकदा जाता जाता एवढंच म्हणाली, “मागच्या वेळी पण तुम्ही हेच म्हणालात, म्हणून विचारलं.”

मावशीला दर पंधरा दिवसांनी सरकारी जेवणाचं बोलावणं येई. जाडसर कागद, सोनेरी कडा. नाही म्हटलं तर शब्द मोडल्यासारखं. म्हणून ती जायची. परदेशी पाहुण्यांच्या मध्ये तिला बसवत. कोणीतरी हमखास विचारायचं, “तुमचे ते कामगार कसे आहेत?” सगळ्या टेबलाचे चमचे क्षणभर थांबायचे. ती म्हणायची, “कामावर आहेत.” चमचे पुन्हा सुरू. घरी आल्यावर ती पायातले बूट काढून ते कितीतरी वेळ हातातच धरून बसायची. बाहेरून पाहणाऱ्याला ती पूर्वीपेक्षा जास्त मानात होती. घरात ती खोल्याखोल्यांतून फिरायची, खिडकीच्या कड्या काढायची, पुन्हा लावायची. मला एकदा म्हणाली, “त्या खोलीत निदान सहा वाजता दार उघडायचं गं.”

पाचव्या महिन्यात फुंक्या आला. यावेळी पुढच्या दाराने.

“लोक काय म्हणतायत ऐकलंत? बाईंच्या तोंडाला चांदीचं कुलूप बसलं म्हणतात.”

“बोलले तर ती सुटणार नाही.”

“आणि नाही बोललात तर सुटली का?”

फुंक्या कार्डांच्या पेटीकडे बघत म्हणाला, “माझं कार्ड आहे का हो यात?”

“आहे.”

“काय लिहिलंय?”

“गरम चहा फुंकून पीत नाही,” मावशी म्हणाली.

तो हसला. नाइलाजाने हसला, पण हसला. “कामावर फुंकतो तेवढं पुरे होतं.” मग उठता उठता म्हणाला, “तिलाच विचारा ना, बाई. शब्द तिच्या जिवावर दिलाय. ती म्हणाली बोला, तर बोला. मग कोणाच्या बापाला घाबरायचं नाही.”

मावशीने भेटीची परवानगी मिळवली. मी बरोबर होते. जुन्या बराकीतली लांबट खोली, मध्ये जाळी, दोन्हीकडे बाकं. वाटेत मावशी गाडीत एकदम मोकळी वाटत होती. तिने मनात ठरवूनच टाकलं होतं, गवतवाली काय म्हणेल ते. अशा बायकांना तिने सभांमध्ये बोलताना ऐकलं होतं.

गवतवाली बारीक झाली होती. नखं स्वच्छ होती. तिचे स्वच्छ हात मी पहिल्यांदाच पाहिले. मावशीने सगळं सांगितलं. शब्द, जेवणं, फुंक्या काय म्हणाला ते.

“तू म्हणालीस तर मी उद्या पत्र लिहिते. तिकडच्या वर्तमानपत्रात येईल. सगळ्या जगाला कळेल.”

“आणि मी?”

“तुला कदाचित... जरा जास्त दिवस...”

“नको,” गवतवाली म्हणाली.

मावशी जाळीजवळ सरकली.

“नका बोलू, बाई. मला घरी जायचंय. आईचे गुडघे दुखतात, पाणी कोण भरतं तिचं? तुम्ही गप्प बसायचं म्हणालात ना, मग बसा. मला जगाला नाही कळवायचं काही. मला घरी जायचंय.”

“मी प्रयत्न करतेय—”

“कधी सोडणार, ते विचारलंत?”

जाळीपलीकडून गवतवाली तिच्याकडे पाहत होती. रागाने नाही, मुकादमाने चुकीचा आकडा सांगितल्यावर बघावं तशी. “अहो, विचारलंच नाहीत?” ती म्हणाली.

परतताना मावशी गाडीच्या काचेतून बाहेर बघत होती. जगासमोर बोलली असती तर गवतवाली आत अडकली असती, गप्प बसली तर दोघी अडकल्या होत्या. आता तर गप्प बसण्यावर गवतवालीचाही शिक्का पडला होता.

पुढचं बोलावणं आलं तेव्हा शेजारच्या देशाचं शिष्टमंडळ पुन्हा यायचं होतं, करार वाढवायला. मावशीने टेबलावर कोण कुठे बसणार हे सचिवांच्या कचेरीतून आधीच मागवून घेतलं. मंत्री मध्ये, उजवीकडे तिची मैत्रीण, मैत्रिणीशेजारी मावशी. समोर कुजबुजे. मी मागच्या टेबलावर, विद्यार्थ्यांच्या रांगेत बसले होते.

सूप संपलं. मावशीने रुमालाने ओठ टिपले आणि मैत्रिणीच्या पुढून वाकून मंत्र्यांना म्हणाली, “साहेब, माझ्या पाहुणीचं काय झालं?”

“कोणती पाहुणी?”

“आपणच पाठवणार होता ना. शब्द दिला होतात. माझी सगळी तयारी आहे, तारीख तेवढी कळायची राहिलीय.”

कुजबुज्यांनी काटा खाली ठेवला. मैत्रिणीने विचारलं, काय म्हणतेस? मावशीने तिला तिच्या भाषेत सांगितलं, “माझ्याकडे एक पाहुणी यायची आहे. सहा महिने मंत्रीसाहेब आज पाठवतो, उद्या पाठवतो करतायत.”

“हे बरं नाही हं, साहेब,” मैत्रीण तिच्याच भाषेत हसत म्हणाली. टेबलावरचे आणखी दोघं-तिघं हसले.

मंत्रीही हसले. दुसरं काय करणार? “पाठवतो ना. पुढच्या महिन्यात.”

“कितीला?” मावशीने विचारलं.

माझ्या हातातला पाव तसाच राहिला. तीस वर्षांत तिने कोणाला असं विचारलं नव्हतं.

मंत्र्यांनी कुजबुज्यांकडे पाहिलं. कुजबुजे ताटलीकडे बघत होते. “अकराला,” मंत्री म्हणाले.

“अकरापर्यंत तू इथेच आहेस ना?” मावशीने मैत्रिणीला विचारलं. “मग चहाला ये. तुझी तिच्याशी ओळख करून देते.” आणि जागेवर ठेवलेल्या नावाच्या कार्डामागे पेन्सिलीने तिने ‘अकरा’ लिहिलं.

शब्द मोडला नव्हता. घरी आल्यावर ती बूट न काढताच स्वयंपाकघरात गेली आणि उभ्यानेच दोन केळी खाल्ली. काका म्हणाले, “तिथे उपाशी ठेवलं का?” ती हसली. किती महिन्यांनी.

अकराला दुपारी गवतवाली सुटली. सरकारी गाडीनेच तिला आमच्या दारात आणून सोडलं. घरी नाही, आमच्या दारात. पाहुणी म्हणून पाठवायची ठरली होती ना. कपड्यांचं गाठोडं काखेत. आईला निरोप पोचायच्या आत चहाची वेळ झाली. मावशीने तिला स्वतःचे कपडे घालायला दिले. खांद्यावर सैल, हात लांब.

“मी घरी जाऊ का?” गवतवालीने विचारलं.

“फक्त एक तास. चहा झाला की गाडीने सोडते. तिला भेटणं गरजेचं आहे, नाहीतर...”

“नाहीतर परत?”

मावशी म्हणाली, “फक्त एक तास गं.”

मैत्रीण आली. कुजबुजेही आले, बोलावलेलं नसताना. त्यांना मैत्रिणीची भाषा येत होती. चौघं बसली. गवतवाली कोचाच्या कडेला टेकून, कप दोन्ही हातांत धरून. मैत्रीण विचारत होती, मावशी दोन्हीकडचं भाषांतर करत होती, कुजबुजे ऐकत होते.

“तुम्ही काय करता?”

“काच बांधते. गवतात.”

“किती छान! आणि तुमची दोघींची ओळख कशी?”

मावशीने प्रश्न सांगितला. सांगताना तिचा आवाज खाली गेला, कुजबुज्यांइतका खाली. गवतवालीने तिच्याकडे पाहिलं, मग कुजबुज्यांकडे. काहीही म्हणता आलं असतं तिला. मावशीला ते जसंच्या तसं सांगावं लागलं असतं, निदान सांगायचं की नाही ते तिथल्या तिथे ठरवावं लागलं असतं.

“आम्ही एकदा दुपारभर एका खोलीत ग्लास बांधत बसलो होतो,” गवतवाली म्हणाली.

मावशीने भाषांतर केलं. मैत्रीण टाळी वाजवून हसली. “तू? ग्लास? मला हे कधी सांगितलं नाहीस!”

“राहून गेलं,” मावशी म्हणाली. कुजबुज्यांनी केकचा दुसरा तुकडा घेतला. कोणी आग्रह न करता.

मैत्रीण गेली. कुजबुजे उठताना मावशीपाशी थांबले. “आम्ही आमचा शब्द पाळला, बाई. तुमचा आहेच.” मग गवतवालीकडे मान वळवून, जवळजवळ प्रेमाने, “आणि यांचा पत्ता आता आमच्याकडे आहे.”

तेव्हा मावशीच्या ध्यानात आलं असावं. तिने गवतवालीच्या सुटकेची तारीख मागून घेतली होती. स्वतःचं गप्प बसणं संपण्याची मागितली नव्हती.

दार लागलं. गवतवाली अजून उभीच होती, गाठोडं काखेत, लांब बाह्या मुठीत धरून. ती मावशीला म्हणाली, “आता जाऊ का मी?” बराकीत तिला रोज कोणालातरी असंच विचारावं लागत असणार. आवाज तोच होता.

“जा,” मावशी म्हणाली. “गाडी बाहेर आहे.”

“चालत जाते.”

मावशीने खिडकीची कडी काढली आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिली. चार दिवसांनी मावशीचे कपडे परत आले, धुऊन, घडी घालून. बरोबर चिठ्ठी नव्हती.

पुढच्या गुरुवारी गवतवालीची आई आली नाही. येण्याचं आता कारणही नव्हतं. त्या वेळेला मावशी मात्र हॉलमध्ये येऊन भिंतीकडच्या त्या खुर्चीच्या कडेला टेकली, सकाळीच आलेलं सोनेरी कडांचं नवं बोलावणं मांडीवर घेऊन.

काका आत आले. “अगं, नीट टेकून बस की. खुर्ची आपलीच आहे.”

“नको,” मावशी म्हणाली. “संध्याकाळी जायचंय.”